मुक्त, निर्बंधित, निषिद्ध: आयातीच्या नियमांकडे नायगावातून पाहताना

परदेशातून येणारा कोणता माल देशात येऊ द्यायचा, कोणता अटी घालून येऊ द्यायचा आणि कोणता दारातच अडवायचा, याचे नियम हा आपल्याकडे आजवर बंदराचा विषय मानला गेला. मुंबई आणि न्हावा-शेव्यातल्या आयातदारांनी, कस्टम एजंटांनी आणि त्यांच्या वकिलांनी तो सांभाळला. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हा विषय शिकायला नायगावसारखी दुसरी जागा नाही, असे माझे मत आहे. तूर, उडीद, मूग, हरभरा, सोयाबीन, कापूस ही इथल्या शिवारातली पिके. गेल्या दहा वर्षांत यातल्या प्रत्येक पिकाला आयात धोरणाचा हात लागला आहे, कधी यादीतला शेरा बदलून, कधी कोटा ठरवून, कधी शुल्क चढवून किंवा उतरवून. बंदरावरच्या माणसाला नियमाची अंमलबजावणी दिसते. त्याचा परिणाम मात्र मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आडतीच्या पट्टीवर उमटतो, आणि नियम समजून घ्यायचा तर दोन्ही ठिकाणे एकाच वेळी नजरेत हवीत. या विषयात पहिल्यांदा येणाऱ्या वाचकाचे, विशेषतः शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याचे, मी मनापासून स्वागत करतो. त्याला निम्मा विषय आधीच येतो. उरलेला निम्मा शिकता येण्यासारखा आहे.

सुरुवात यादीपासून करू. आयात धोरणात प्रत्येक मालाला आठ आकडी क्रमांक असतो. तुरीचा क्रमांक ०७१३६०००. या क्रमांकासमोर धोरणाचा शेरा असतो. 'मुक्त' असेल तर कोणीही आणावा, शुल्क भरावे. 'निर्बंधित' असेल तर सरकारची परवानगी हवी, आणि ती बहुधा ठरावीक कोट्यापुरती मिळते. 'निषिद्ध' असेल तर आणायचाच नाही. काही माल फक्त सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फत येतो, तो चौथा प्रकार. निषिद्ध मालाची यादी लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे. गोमांस, प्राण्यांची चरबी, प्राणिज रेनेट, वन्य प्राणी आणि हस्तिदंतासह त्यांचे अवयव, अशा गोष्टी तिच्यात आहेत. कधी एखाद्या प्रसंगाने तिच्यात भर पडते. २००८मध्ये चीनमधल्या दुधात मेलामाइन सापडले, तेव्हा भारताने तिथले दूध आणि दुधाचे पदार्थ बंद केले. ती बंदी पुढे वेळोवेळी वाढवत नेली गेली.

या शेऱ्यांमागे दोन कायदे उभे आहेत. विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ सरकारला निर्बंध घालण्याचा अधिकार देतो, आणि सीमाशुल्क अधिनियम, १९६२ तो मोडणाऱ्याचे काय करायचे ते सांगतो. सीमाशुल्क कायद्याचे कलम ११ नवख्या वाचकाने सावकाश वाचावे. माल का अडवता येतो याची कारणे तिथे दिली आहेत. देशाची सुरक्षा आहे, परकीय चलन वाचवणे आहे, माणसांचे, जनावरांचे आणि झाडांचे आरोग्य आहे, देशाचा कलात्मक आणि ऐतिहासिक ठेवा आहे, देशी उत्पादनाला होणारी गंभीर हानी टाळणे आहे. कुठलीही नवी अधिसूचना हातात आली की ती यातल्या कोणत्या कारणावर उभी आहे, हे आधी स्वतःला विचारावे.

निर्बंधित आणि निषिद्ध यांच्यातली रेघ कुठे आहे, हा या शास्त्रातला पहिला अवघड प्रश्न. सर्वसामान्य समज असा की हे दोन वेगळे कप्पे आहेत. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने शेख मोहम्मद ओमर यांच्या खटल्यात वेगळे सांगितले. कलकत्त्याला आणलेल्या एका घोडीवरून तो वाद होता. न्यायालय म्हणाले की कायद्यातल्या बंदीत प्रत्येक प्रकारची बंदी येते, आणि निर्बंध हाही बंदीचाच एक प्रकार आहे. म्हणजे अट पाळली तोवर माल निर्बंधित. अट मोडली की तोच माल निषिद्ध होतो आणि जप्तीस पात्र ठरतो. मालात काडीचा फरक पडत नाही. एकाच जहाजातली, एकाच शेतात पिकलेली तूर कोट्याच्या आत असेल तर व्यापार आहे, कोट्याबाहेर असेल तर गुन्ह्याचा मुद्देमाल. घोडीच्या त्या निकालाला पुढे कडधान्यांच्या वादात फार मोठे महत्त्व आले. ते समजायचे तर आधी तुरीची हकीकत नीट सांगायला हवी.

२०१४ आणि २०१५ ही मराठवाड्यासाठी लागोपाठ दुष्काळाची वर्षे. २०१५च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ शहरांत किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. डाळ महागल्याने सरकारने आयातीसाठी धावपळ केली, ती समजण्यासारखी होती. जुलै २०१६मध्ये मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला, पहिल्या वर्षी १ लाख टनांपासून २ लाख टनांपर्यंत वाढत जाणारा. इकडे शेतकऱ्याला सांगितले गेले की कडधान्य पेरा. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल ठरला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, शेतकऱ्याने तूर पेरली, आणि देशातले तुरीचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेले. त्याच आर्थिक वर्षात देशात सुमारे ६६ लाख टन कडधान्ये आयात झाली.

पुढचे नायगाव, नरसी, बिलोली, देगलूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. डिसेंबर-जानेवारीत रास झाली, माल मोंढ्यात आला आणि भाव हमीभावाच्या खाली गेला. सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, खरेदी थांबली, पुन्हा सुरू झाली. २८ मार्च २०१७ रोजी तुरीवर १० टक्के आयात शुल्क लागले. ५ ऑगस्ट २०१७ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने तुरीसमोरचा 'मुक्त' हा शेरा काढून 'निर्बंधित' लिहिला आणि वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. २१ ऑगस्टला उडीद आणि मूग मिळून ३ लाख टनांची मर्यादा आली. सरकार-सरकारमधल्या करारांनी येणारा माल या मर्यादेबाहेर ठेवला होता, म्हणजे मोझांबिकची तूर येतच राहणार होती.

आता तारीख पाहा. तूर जूनच्या शेवटी किंवा जुलैत पेरली जाते, डिसेंबर-जानेवारीत कापली जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत लहान शेतकऱ्याच्या घरातून निघून जाते. त्याला सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, घरात साठवायला जागा नसते. ५ ऑगस्टला त्याच्या घरात तूर नव्हती आणि पुढची पेरणी उरकली होती. विकलेल्या मालाला या निर्बंधाचा उपयोग नव्हता, आणि काय पेरायचे हे ठरवतानाही तो कामी आला नाही. ज्याच्या गोदामात तूर पडून होती, त्याला मात्र ऑगस्टमधला निर्बंध वेळेवर आला. पुढच्या हंगामातही नवी तूर हमीभावाला पोचली नाही.

या शास्त्राच्या अभ्यासकाला मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. आयात-निर्बंध वाचताना माल कोणता आणि किती, एवढे पाहून थांबू नये. तारीख पाहावी, आणि ती पिकाच्या वेळापत्रकावर ठेवून पाहावी. दिल्लीतल्या कागदावर ५ ऑगस्ट आणि ५ जून यांत दोन महिन्यांचा फरक आहे. नायगावच्या शेतात तो एका पूर्ण हंगामाचा फरक आहे. अर्थशास्त्राच्या बऱ्याच लेखनात वर्ष हे एकक धरतात: २०१६-१७ची आयात, २०१७-१८चा भाव. वार्षिक आकड्यांच्या त्या तक्त्यात ही गोष्ट दिसतच नाही. ती दिसायला मोंढ्यातली रोजची आवक आणि रोजचा भाव हवा.

पुढचा बदल उलट दिशेचा. १५ मे २०२१ रोजी तूर, उडीद आणि मूग पुन्हा 'मुक्त' झाले. त्याच सुमारास म्यानमारशी वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर, तसेच मलावीशी ५० हजार टन तूर आणण्याचे करार झाले. मूग ११ फेब्रुवारी २०२२ला परत निर्बंधित झाला, तूर आणि उडीद यांची मोकळीक मात्र वर्षागणिक वाढवत नेली गेली. मे महिन्यातला निर्णय निदान पेरणीच्या आधी आला, हे मान्य करायला हवे. पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नायगावात शेतकरी राहतो तसा भूमिहीन मजूरही राहतो. त्याच्या घरी डाळ विकतचीच येते, आणि किलोमागे ५० रुपये वाढले की ती त्याच्या ताटातून कमी होते. खुल्या आयातीने त्याला दिलासा मिळतो. या विषयात एकच बाजू धरून बोलणारा माणूस भेटला की त्याला विचारावे, तुम्ही डाळ विकता की विकत घेता? इथली अनेक घरे दोन्ही करतात. जानेवारीत तूर विकतात, आणि पावसाळ्यात डाळ विकत आणतात.

आता न्यायालयाकडे परत जाऊ. २९ मार्च २०१९ला नवे कोटे जाहीर झाले. तूर २ लाख टन, उडीद दीड लाख, मूग दीड लाख, वाटाणा दीड लाख. अर्ज डाळ गिरणीवाल्यांनी किंवा प्रक्रिया करणाऱ्यांनीच करायचा, असा नियम झाला. नुसत्या व्यापाऱ्याला दार बंद. काही आयातदारांनी राजस्थान उच्च न्यायालयाकडून अंतरिम आदेश मिळवले आणि कोट्याबाहेरच्या वाटाण्याची जहाजे मुंबईला आणली. २६ ऑगस्ट २०२०ला ॲग्रिकास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोट्याच्या अधिसूचना वैध ठरवल्या. मग प्रश्न उरला आलेल्या मालाचा. सीमाशुल्क कायद्यात कलम १२५ आहे; माल निषिद्ध नसेल तर दंड घेऊन तो सोडावाच लागतो, निषिद्ध असेल तर सोडायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. कोट्याबाहेरचा वाटाणा निषिद्ध की नुसता निर्बंधित, यावर कोट्यवधी रुपये अवलंबून होते. १७ जून २०२१ला राज ग्रो इम्पेक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घोडीच्या निकालाचा आधार घेतला. मर्यादेबाहेरचा माल निषिद्ध आहे, तो देशाच्या बाजारात सोडता येणार नाही, फार तर दंड भरून परत परदेशी न्यावा, असा तो निर्णय. विवेक कसा वापरावा हे सांगताना न्यायालयाने आयातदाराच्या तोट्याच्या पलीकडे जाऊन देशातल्या शेतकऱ्याचे आणि शेतमालाच्या बाजाराचे हित तोलले. विधी शाखेच्या विद्यार्थ्याने हा निकाल पूर्ण वाचावा. कलम २(३३), १११, ११२ आणि १२५ यांचा परस्परसंबंध त्यात जितका स्पष्ट उलगडला आहे, तितका मला दुसरीकडे कुठे भेटला नाही.

कालरेषाही नीट लक्षात घ्या. हा निकाल लागला त्याच्या महिनाभर आधीच तूर, उडीद आणि मूग मुक्त झाले होते. वाटाणा मात्र निर्बंधित राहिला.

इतिहासात मागे गेले की हा विषय आपल्याकडे किती जुना आहे ते कळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. शस्त्रे, कवचे, धातू, रथ, रत्ने, धान्य आणि पशू राज्याबाहेर नेऊ द्यायचे नाहीत. पण फार उपयोगी वस्तू आणि दुर्मीळ बियाणे आत येत असेल तर शुल्क माफ करावे, असे तिथे सांगितले आहे. बियाण्याचा तो उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. शिवाजी महाराजांनी १६७१मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेले पत्रही सर्वज्ञात आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येते, त्याने आपल्या मुलखातल्या मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून त्यावर मोठी जकात बसवावी, असा त्याचा आशय. देशी उत्पादकासाठी आयातीला आवर घालण्याचे इतके स्वच्छ मराठी उदाहरण दुसरे नाही.

आणि नांदेडचा स्वतःचा इतिहास तर याहून जवळचा. हा सगळा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात, अलीकडे निजाम. मध्ये जकातीची सीमा. जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि तिचे नाके सरहद्दीवर असत. आज आपण नांदेडहून उमरखेडला जातो तेव्हा एका जुन्या आयात-निर्यात सीमेवरून जातो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. नोव्हेंबर १९४७मध्ये भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर लगेच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्याने भारतीय चलन राज्यात अवैध ठरवले. भारताकडून हैदराबादकडे जाणाऱ्या मालाची कोंडी झाली. मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या तुकड्यांनी करोडगिरी नाके जाळले, कारण गावच्या माणसाला निजामाची सत्ता रोज ज्या ठिकाणी भेटे ते ठिकाण नाकाच होते. १९४८च्या पोलीस कारवाईनंतरही ही सीमा एका दिवसात पुसली गेली नाही. राज्यघटनेच्या कलम ३०१ने देशभर मुक्त व्यापाराची हमी दिली, पण कलम ३०६ने हैदराबादसारख्या 'ब' वर्गातल्या राज्यांना केंद्राशी करार करून काही काळ अशी शुल्के चालू ठेवण्याची मुभा ठेवली होती. १९५६मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने ते कलम गेले. मराठवाड्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी करोडगिरी हा पीएच.डी.चा विषय आहे, आणि तो आपल्या माणसांनीच हाती घ्यावा, अशी माझी तळमळ आहे.

नियमांचा दुसरा मोठा प्रवाह कीड आणि रोग यांचा. तिथे भावाचा प्रश्न नसतो, जिवाचा असतो. १९०६मध्ये अमेरिकेतल्या कापसाबरोबर तिथला बोंडातला भुंगा येऊ नये म्हणून मुंबई बंदरावर कापसाच्या गाठी धुरी देऊनच सोडण्याचा हुकूम निघाला. पुढे १९१४ साली घातक कीटक व कीड अधिनियम आला. आजचा वनस्पती संगरोध आदेश, २००३ त्याच कायद्याखाली निघालेला आहे. अमेरिकेत कापसाचा कर्दनकाळ ठरलेला तो भुंगा भारतात आजवर आलेला नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे वाण ज्यांनी वर्षानुवर्षे पेरले, त्या शेतकऱ्यांना अशा एखाद्या हुकमाचे नावही ठाऊक नसेल. नियम यशस्वी झाला की तो असा अदृश्य राहतो. फसला की सगळ्यांना दिसतो. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेले गाजर गवत अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे मानले जाते. आज बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानावर ते उपटून हात खाजवतात. २०१८मध्ये लष्करी अळीची अमेरिकन जात कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यावर पोचली.

संगरोध आदेशातली एक गोष्ट शेतकरी वाचकाला चटकन पटेल. खाण्यासाठी आणलेले धान्य आणि पेरण्यासाठी आणलेले बियाणे या त्या आदेशाच्या नजरेत दोन वेगळ्या वस्तू आहेत, दाणा तोच असला तरी. खाण्याच्या डाळीचे धान्य निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि धुरी यांवर येऊ शकते. बियाण्याला परवाना, चाचणी आणि अनेकदा विलगीकरणातली लागवड लागते, कारण पोत्यातून डाळ गिरणीत गेलेला रोग तिथेच संपतो आणि पेरलेला रोग शिवारभर पसरतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेली मर रोगाला दाद न देणारी तुरीची वाणे ज्या मेहनतीने उभी राहिली, ती मेहनत परदेशी बियाण्याच्या एका निष्काळजी पोत्याने वाया जाऊ शकते.

सोयाबीनच्या बाबतीत हे दोन्ही प्रवाह, भावाचा आणि जैवसुरक्षेचा, एकत्र आले. जनुकीय बदल केलेला माल आयात करायला पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांनुसार वेगळी मंजुरी लागते. २०२१च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेले आणि कोंबडीपालकांचे खाद्य महागले. २४ ऑगस्टला सरकारने १२ लाख टन जनुकीय सोयापेंड आणायला परवानगी दिली. पेंड दळलेली आणि तेल काढलेली असते, तिच्यात जिवंत, उगवणारा दाणा नसतो, हा त्यामागचा युक्तिवाद. जैवसुरक्षेच्या बाजूने तो समजू शकतो. पण तारीख पुन्हा पाहा: ऑगस्टचा शेवटचा आठवडा, आणि मराठवाड्यातले नवे सोयाबीन सप्टेंबरअखेर बाजारात येणार. नवी आवक सुरू होईपर्यंत भाव निम्म्यावर आले होते. त्याला एकटी पेंड कारण नव्हती, जगातले भावही उतरत होते. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मोजणे अभ्यासकाचे काम आहे. परवानगी चार महिने आधी किंवा चार महिने नंतर आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र मोजता येण्यासारखा आहे.

दुसऱ्या देशांचे निर्बंध आपल्या मालाला कसे लागतात, तेही याच शास्त्रात येते. कोकणच्या हापूसला अमेरिकेचे दार अनेक वर्षे बंद होते, कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने. २००७मध्ये ते उघडले, लासलगावच्या केंद्रात किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण देण्याच्या अटीवर. कांद्यासाठी उभारलेले केंद्र आंब्याच्या कामी आले. २०१४च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला आणि २०१५च्या आरंभी पुन्हा घेतला. ऑस्ट्रेलियातल्या मुलाकडे जाणारी आई पिशवीत लोणचे, कडधान्य, मसाला भरते, तेव्हा विमानतळावर तिला प्रवेशपत्रावर ते सगळे लिहून द्यावे लागते. तिथल्या अधिकाऱ्याचा धाक आणि मुंबईच्या संगरोध केंद्रातल्या अधिकाऱ्याची तपासणी यांचे मूळ एकच.

जागतिक करारांचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुस्तके पुष्कळ आहेत. गॅट करारातले कलम ११ संख्यात्मक निर्बंधांना सर्वसाधारणपणे मनाई करते आणि कलम २० आरोग्य, नीती, निसर्ग अशा कारणांसाठी सूट देते. भारताने परकीय चलनाच्या तुटवड्याचे कारण देऊन दोन हजारांहून अधिक वस्तूंवर निर्बंध ठेवले होते. अमेरिकेने तक्रार केली, १९९९मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला, आणि १ एप्रिल २००१ला शेवटच्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या. त्यानंतर शेतमाल अडवायचे मुख्य हत्यार शुल्क हे झाले. कोटा अपवादाने आला. म्हणूनच २०१७ला तुरीवर कोटा येणे ही मोठी घटना होती.

अधिसूचना वाचण्याची एक सवय लावून घ्यावी. कागद एक-दोन पानांचा असतो. तक्ता पाहिल्यावर शेवटची ओळ सोडू नये. संक्रमणाची तरतूद तिथे असते. नियम बदलला त्या दिवशी समुद्रात असलेल्या जहाजाचे काय, हा तिचा विषय. विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५नुसार बदलाच्या आधीचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, किंवा आधी उघडलेले अपरिवर्तनीय पतपत्र असेल, तर माल बहुधा जुन्या नियमाने येतो. सरकारने ही सवलत स्पष्ट शब्दांत काढून घेतली असेल तर येत नाही. निर्बंध लागू झाल्यावरही काही आठवडे माल उतरत राहतो तो यामुळे, आणि मोंढ्यातला भाव अधिसूचनेच्या दिवशीच का उसळत नाही, याचे एक उत्तर इथे मिळते.

सध्या अभ्यासाला हाताशी असलेले सर्वांत चांगले प्रकरण पिवळ्या वाटाण्याचे आहे. डिसेंबर २०१९मध्ये त्यावर किलोला २०० रुपयांची किमान आयात किंमत लागली आणि माल फक्त कोलकाता बंदरातून आणायची अट आली. आयात जवळपास थांबली. ८ डिसेंबर २०२३ला तो शुल्काशिवाय मुक्त झाला, आणि कॅनडा, रशियाचा वाटाणा मोठ्या प्रमाणात आला. बेसनात तो हरभऱ्याची जागा घेतो, म्हणून नायगावच्या रब्बीशी त्याचा थेट संबंध. १ नोव्हेंबर २०२५पासून त्यावर ३० टक्के शुल्क आहे, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या बिल ऑफ लेडिंगवर आलेला माल त्यातून वगळला आहे. हे शुल्क लागले तेव्हा मराठवाड्यात हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते, म्हणजे तारीख या वेळी पेरणीला मिळाली. पण आधी आलेला वाटाणा गोदामांत होता. पेरणीपासून रास होईपर्यंतच्या महिन्यांत बाजार समितीतला हरभऱ्याचा रोजचा भाव, बंदरांवरची वाटाण्याची मासिक आवक आणि बेसन गिरण्यांची खरेदी एका तक्त्यात मांडायला फार साधने लागत नाहीत. नायगावच्या महाविद्यालयातला पदवीचा विद्यार्थी हे काम एका हंगामात करू शकतो.